गर्दी वेडी होत नाही, गर्दी अडकते

फुटबॉलच्या मोठ्या सामन्यात राडा झाला की दुसऱ्या दिवशीच्या बातम्यांत ‘बेभान जमाव’ ठरलेला. कल्पना जुनी आहे. गुस्ताव्ह ल बाँ या फ्रेंच लेखकाने 1895 मध्ये ती मांडली: माणूस गर्दीत शिरला की त्याची अक्कल गहाण पडते, भावना साथीसारख्या पसरतात आणि एरवीचा सज्जनही दगड उचलतो. ल बाँने गर्दी लांबून पाहिली, तीही घाबरून. प्रत्यक्ष गर्दीत उभं राहून, वही-पेन घेऊन नोंदी करणाऱ्या संशोधकांना जे दिसलं ते बरंच वेगळं आहे.

आधी संख्येचं बघू. 11 जून 2016 रोजी फ्रान्सच्या मार्सेलमध्ये युरो या युरोपीय देशांच्या स्पर्धेचा इंग्लंड–रशिया सामना होता. शहरात हजारो चाहते उतरले होते. जुन्या बंदराच्या परिसरात मारामाऱ्या झाल्या आणि सामना 1-1 असा सुटताच रशियन चाहत्यांचा एक जथा स्टेडियममध्येच इंग्लिश प्रेक्षकांवर धावून गेला. या प्रकारामागे सुमारे 150 तयारीचे रशियन गुंड होते, असं तिथल्या सरकारी वकिलांनी सांगितलं. हजारोंच्या गर्दीत दीडशे. ते बेभान मुळीच नव्हते. ते ठरवून आले होते आणि काम उरकून पांगलेही. अशी टोळी हा पोलिसी माहितीचा आणि आसनव्यवस्थेचा प्रश्न आहे. दोन गटांच्या मध्ये मोकळा पट्टा आणि त्यात प्रशिक्षित सुरक्षारक्षकांची भक्कम रांग लागते. मार्सेलमध्ये ती कमी पडली. नोव्हेंबर 2023 मध्ये रिओच्या माराकाना स्टेडियमवर ब्राझील आणि अर्जेंटिनाचे चाहते वेगळे बसवलेच नव्हते. राष्ट्रगीताच्या वेळी मारामारी जुंपली, पोलिसांच्या लाठ्या चालल्या आणि सामना अर्ध्या तासाच्या आसपास लांबला.

खरं कोडं पुढे आहे. टोळीशी काडीचा संबंध नसलेले, बिअरचा ग्लास हातात धरून गाणी म्हणणारे शेकडो लोक कधीकधी दंगलीत का उतरतात?

स्टीफन रायकर आणि क्लिफर्ड स्टॉट या मानसशास्त्रज्ञांनी 1990 च्या विश्वचषकात इटलीतल्या काल्यारी शहरात इंग्लिश चाहत्यांमध्ये मिसळून केलेल्या नोंदींचा अभ्यास केला. त्यांना दिसलेला क्रम साधारण असा. चाहते ‘आपण इंग्लिश’ एवढ्याच नात्याने एकत्र येतात. त्यात कुटुंबवत्सल माणूस असतो आणि भांडखोरही, आणि दोघांना एकमेकांचं फारसं प्रेम नसतं. पोलिसांना मात्र सगळेच संभाव्य गुंड वाटतात. कोणीतरी बाटली फेकतो. पोलीस फेकणारा शोधत बसत नाहीत, अख्ख्या घोळक्यावर अंदाधुंद लाठ्या किंवा अश्रुधूर चालवतात. ज्याने काही केलं नाही त्यालाही मार बसतो. त्या क्षणी त्याच्या डोक्यातली ‘आपण’ आणि ‘ते’ यांची रेघ सरकते. भांडखोर आता आपल्यातला होतो, कारण तोच पोलिसांना उत्तर देतोय. प्रतिकार रास्त वाटू लागतो आणि एवढे जण सोबत असल्यामुळे जमण्यासारखाही वाटतो. पोलिसांना वाटतं, बघा, आम्ही म्हणत होतोच!

या क्रमाची मेख ‘अंदाधुंद’ या शब्दात आहे. बळ किती वापरलं यापेक्षा ते कोणावर वापरलं, याचा परिणाम मोठा असतो. नेमका बाटली फेकणारा उचलला, तर आजूबाजूचे बहुतेक वेळा पोलिसांच्या बाजूने राहतात.

1998 च्या फ्रान्समधल्या विश्वचषकात याच्या दोन्ही बाजू दिसल्या. मार्सेलमध्ये स्थानिक तरुणांचे हल्ले आणि अश्रुधूर झेलल्यावर शांत इंग्लिश चाहतेही हाणामारी समर्थनीय मानू लागले. त्याच स्पर्धेत स्कॉटिश चाहते पिऊन तर्र होते, तरी दंगल नाही. ‘आम्ही इंग्लिशांसारखे नाही’ ही त्यांची अभिमानाची खूण बनली होती आणि कोणी हात उगारलाच तर त्याला त्यांचेच लोक आवरत. याच स्कॉटिश चाहत्यांनी 1977 मध्ये लंडनमधल्या वेम्बलीच्या मैदानात घुसून गोलपोस्ट मोडले होते. म्हणजे स्वभाव आणि दारू यांच्यावर सगळं ढकलून चालत नाही.

संप्रेरकांचीही तीच गत. 1994 च्या विश्वचषक अंतिम सामन्यानंतर चाहत्यांची लाळ तपासली, तेव्हा जिंकलेल्या ब्राझीलच्या चाहत्यांत टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक वाढलेलं आणि हरलेल्या इटलीच्या चाहत्यांत घटलेलं आढळलं. प्रयोग छोटा होता, पण गमतीचा आहे. मात्र वाढलेलं टेस्टोस्टेरॉन घेऊन लाखो लोक नाचतात आणि घरी जातात. दंगल कुठल्या चौकात होईल, हे त्यावरून कळत नाही.

बंदोबस्ताची पद्धत बदलून काय होतं, हे 2004 च्या पोर्तुगालमधल्या युरो स्पर्धेत तपासता आलं. स्टॉट आणि डच पोलीस अकादमीतले ओटो आडांग (हे गृहस्थ आधी चिंपांझींच्या वर्तनाचा अभ्यास करत) यांनी तिथल्या नागरी पोलीस दलाला आखणीत मदत केली. बंदोबस्ताच्या चार पायऱ्या ठरल्या. पहिल्या पायरीवर साध्या गणवेशातले पोलीस जोडीजोडीने चाहत्यांत फिरणार, बोलणार, रस्ता सांगणार, फोटोला उभे राहणार. गप्पांत कुठे काय शिजतंय हेही कळतं. तणाव जाणवला की थोडे जास्त पोलीस दिसू लागणार, पण हेल्मेट-ढालीशिवाय. आणि मर्यादा ओलांडणाऱ्याला ‘हे चालणार नाही’ असं आधी सांगणार. दंगलविरोधी पथक जवळच, पण गल्लीआड गाड्यांत. ते निघालंच तर ठरावीक माणसांना उचलण्यासाठी आणि लगेच माघारी. या दलाच्या हद्दीतल्या शहरांत इंग्लिश चाहत्यांची मोठी दंगल झाली नाही, लिस्बनमध्ये फ्रान्सविरुद्ध अगदी शेवटच्या मिनिटांत सामना गमावूनही. अल्गार्व्ह किनाऱ्यावरच्या आल्बुफेइरामध्ये मात्र निमलष्करी दलाचा अंमल होता, तिथे ही पद्धत नव्हती. त्याच स्पर्धेत, इंग्लिश पर्यटकांच्याच गर्दीत, तिथे दंगली झाल्या.

आता मुद्दा मृत्यूंचा. फुटबॉलच्या मोठ्या दुर्घटनांत बहुतेक माणसं ठोशांनी मेलेली नाहीत, ती श्वास कोंडून मेली आहेत. मारामारी आणि चेंगराचेंगरी हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि पहिल्यावरचा उपाय अनेकदा दुसऱ्याला जन्म देतो.

दर चौरस मीटरला चार माणसं असतील तर गर्दी दाट, पण चालती असते. सहा-सातच्या घरात गेल्यावर माणूस स्वतःच्या मर्जीने हलू शकत नाही. गर्दी द्रवासारखी वागते: मागच्या एका रेट्याची लाट पुढे सरकते, पाय जमिनीवरून उचलले जातात, काही मीटर फरफट होते. वाकलेल्या पोलादी कठड्यांवरून हा दाब 4,500 न्यूटनच्या वर जात असल्याचं दिसलं आहे, म्हणजे साधारण 460 किलोचं वजन. छाती फुगायला जागा उरत नाही आणि माणूस उभ्याउभ्या गुदमरतो. मागच्याला यातलं काहीच दिसत नाही, तो ‘चला पुढे’ म्हणत राहतो. इथे राग लागत नाही, दुष्टपणाही लागत नाही.

24 मे 1964, लिमा. पेरू–अर्जेंटिना, ऑलिंपिक पात्रता सामना. शेवटच्या मिनिटांत पेरूचा गोल रद्द झाला आणि दोन प्रेक्षक मैदानात धावले. पोलिसांनी त्यांना बदडलं तसं स्टेडियम खवळलं आणि स्टँडमध्ये अश्रुधुराची नळकांडी पडू लागली. लोक जिन्यांनी खाली पळाले. खालची पोलादी दारं बंद होती. अधिकृत आकडा 328 मृतांचा आहे. आज फिफा या फुटबॉलच्या जागतिक संघटनेच्या सुरक्षा नियमांत मैदानाभोवती तैनात रक्षकांना असा वायू बाळगायलाही मनाई आहे. तरी 2022 मध्ये इंडोनेशियातल्या मलांग शहरात एका लीग सामन्यानंतर तो वापरला गेला आणि 135 जण गेले.

इंग्लंडमधल्या शेफील्डचं हिल्सबरो स्टेडियम, 15 एप्रिल 1989, हे याचंच दुसरं रूप. मैदानात घुसखोरी होऊ नये म्हणून इंग्लंडमधल्या स्टँडपुढे कुंपणं उभारली होती. मधल्या कप्प्यांत माणसं चिरडत असताना कुंपणावर चढणारे लोक पोलिसांना आधी दंगेखोर वाटले. मृतांचा आकडा पुढे 97 वर गेला. प्रेक्षकांच्या वागण्याचा यात दोष नव्हता, हे 2016 मध्ये ज्युरीने स्पष्ट केलं.

म्हणून स्टेडियमची खरी सुरक्षा अंकगणितात असते. ब्रिटिश मार्गदर्शक तत्त्वांनुसार एका टर्नस्टाइलमधून, म्हणजे एकेकाला आत सोडणाऱ्या फिरत्या फाटकातून, तासाला जास्तीत जास्त 660 जण धरायचे. 60,000 प्रेक्षक तासाभरात आत घ्यायचे तर 91 फाटकं चालू हवीत. बाहेर पडताना सपाट वाटेवर रुंदीच्या दर मीटरला मिनिटाला 82 जण, जिन्यावर 66. नेहमीच्या परिस्थितीत आठ मिनिटांत सगळे मोकळ्या वाटेला लागायला हवेत. त्या वेळात 1.2 मीटर रुंदीच्या जिन्यावरून जेमतेम 630 जण उतरतात. तिकीट तपासायला प्रत्येकी काही सेकंद जास्त लागले की हे गणित कोसळतं, आणि सामना सुरू व्हायची वेळ जवळ आली की मागचा रेटा वाढतो.

11 जुलै 2021 ला वेम्बलीवर युरोच्या अंतिम सामन्याला सुमारे 2,000 जण तिकिटाशिवाय घुसले. महामारीच्या निर्बंधांमुळे आत बऱ्याच खुर्च्या रिकाम्या राहणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. नंतरच्या चौकशीत दिव्यांगांची फाटकं आणि आपत्कालीन दारं घोळक्याने फोडण्याच्या 17 घटना मोजल्या गेल्या. आपत्कालीन दार पक्कं बंद करता येत नाही (का, ते लिमाने शिकवलंय), आणि ते आतून उघडून मित्रांना घेणारा एक जण पुरतो. तिकिटाची पहिली तपासणी स्टेडियमच्या भिंतीपाशी न करता बरीच अलीकडे, मोकळ्या जागेत करावी लागते ती याचसाठी.

पण तीही जागा पाहून. 28 मे 2022 ला पॅरिसच्या स्टाद द फ्रान्सबाहेर, चॅम्पियन्स लीग या युरोपीय क्लबांच्या स्पर्धेच्या अंतिम सामन्याआधी, लिव्हरपूल क्लबचे हजारो चाहते महामार्गाखालच्या एका अरुंद वाटेने तपासणीकडे पाठवले गेले. त्यातच पोलिसांच्या गाड्या उभ्या होत्या. बंदोबस्त गुंडांच्या अपेक्षेने आखला होता. तुंबलेल्या रांगेवर अश्रुधूर सोडला गेला, सामना अर्ध्या तासाहून अधिक लांबला. 30 ते 40 हजार लोक खोट्या तिकिटांवर किंवा तिकिटाविना आले होते, असं फ्रान्सच्या गृहमंत्र्यांनी सांगितलं. फाटकांवरच्या यंत्रांनी पकडलेली खोटी तिकिटं 2,600 च्या आसपास निघाली.