सहा महिन्यांचा नियम (पासपोर्ट)

सहा महिन्यांचा नियम : परदेशात प्रवेश करताना पासपोर्टची किमान सहा महिने मुदत शिल्लक असावी, ही अनेक देशांनी घातलेली अट. थायलंड, सिंगापूर, मलेशिया, इंडोनेशिया, श्रीलंका, संयुक्त अरब अमिराती अशी मराठी कुटुंबांच्या सुट्टीतली नेहमीची ठिकाणे बहुतेक याच यादीत मोडतात. ही अट भारताची नाही. भारत सरकारच्या दृष्टीने पासपोर्ट त्यावर छापलेल्या शेवटच्या दिवसापर्यंत वैध असतो. आपल्या दारात कोणाला घ्यायचे हे मात्र पाहुणचार करणारा देश ठरवतो.

अटीमागे व्यवहार आहे. पंधरा दिवसांसाठी आलेला माणूस आजारी पडतो, विमाने रद्द होतात, मुक्काम लांबतो. तेवढ्यात पासपोर्टची मुदत संपली तर त्याला परत पाठवणेही अवघड होऊन बसते. म्हणून मुक्कामाच्या पलीकडे थोडी शिल्लक मागितली जाते.

ती किती आणि कोणत्या दिवसापासून मोजायची, यात एकवाक्यता नाही, आणि घोळ बहुधा इथेच होतो. इंडोनेशिया सहा महिने मोजतो ते पोहोचण्याच्या दिवसापासून. युरोपातल्या शेंगेन देशांना (सामाईक व्हिसा असलेल्या देशांच्या गटाला) तीनच महिने पुरतात, पण ते तिथून निघण्याच्या नियोजित तारखेनंतरचे. शिवाय पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत दिलेला असावा आणि व्हिसासाठी दोन कोरी पाने असावीत. अमेरिकेचा मूळ नियम सहा महिन्यांचाच आहे. मात्र ज्या देशांशी तिने याबाबत समजुती केल्या आहेत त्यांत भारत असल्याने भारतीय पासपोर्ट मुक्कामापुरता वैध असला तरी चालतो. ब्रिटनही मुक्कामापुरतीच वैधता मागतो. नेपाळला जाणाऱ्या भारतीयाला पासपोर्टच लागत नाही. प्रौढाला मतदार ओळखपत्रावर विमानानेही जाता येते. भूतानलाही मतदार ओळखपत्र चालते. पासपोर्ट दाखवायचा तर सहा महिने हवेतच.

कुटुंबाच्या सहलीत अडचण सहसा मुलांच्या पासपोर्टमुळे येते. भारतात प्रौढांचा पासपोर्ट दहा वर्षांचा असतो, तर अल्पवयीनांचा पाच वर्षांचा किंवा वयाची अठरा वर्षे पूर्ण होईपर्यंतचा, यांपैकी जे आधी येईल तोवरचा. (पंधरा ते अठरा वयाच्या मुलांना दहा वर्षांचा पासपोर्ट मागता येतो.) घरातले चौघांचे पासपोर्ट एकाच दिवशी काढलेले असले तरी ते एकाच दिवशी संपत नाहीत, आणि आईवडील तारीख पाहतात ती स्वतःच्या पासपोर्टवरची. समजा, मुलीच्या पासपोर्टवर दिल्याची तारीख १०/०९/२०२१ आणि मुदत संपण्याची ०९/०९/२०२६ आहे. मे २०२६ च्या सुट्टीत तिच्याकडे चारच महिने उरतात. १० मेला बँकॉकला जायचे तर नाही. २५ मेला पॅरिसहून परतायचे असेल तर चालेल, कारण तिथून तीन महिने २५ ऑगस्टला भरतात. पासपोर्ट तोच, सुट्टीही तीच.

नियमाची अंमलबजावणी बहुतेक वेळा परदेशात होतच नाही. ती मुंबईच्या विमानतळावर, चेक-इनच्या काउंटरवर होते. प्रवेश नाकारलेल्या प्रवाशाला परत आणण्याची जबाबदारी विमान कंपनीवर येते, अनेक देशांत वर दंडही बसतो. त्यामुळे कर्मचारी विमान कंपन्यांच्या ‘आयटा’ या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या ‘टिमॅटिक’ या माहितीसंचात देशाची अट पाहतो आणि ती जुळली नाही तर बोर्डिंग पास देत नाही. त्याच्याशी वाद घालून उपयोग नसतो. व्हिसा मिळाला आहे, हा युक्तिवादही तिथे टिकेलच असे नाही.

मुदत संपण्याच्या एक वर्ष आधीपासून भारतात पासपोर्ट पुन्हा काढण्यासाठी (रि-इश्यू) अर्ज करता येतो. जुन्या पासपोर्टचे उरलेले महिने नव्यात धरले जात नाहीत, त्यामुळे लवकर अर्ज करण्यात काही महिन्यांचे नुकसान आहे. सहल बुडण्यापेक्षा ते परवडते. अल्पवयीनांच्या अर्जाला आईवडिलांचे संमतिपत्र (अनेक्शर डी) लागते, म्हणून दोघांपैकी एक परगावी असेल तर ते आधीच सही करून घेणे बरे. घाई असेल तर जादा शुल्क भरून तत्काळ योजनेतून अर्ज करता येतो.

क्रमही महत्त्वाचा: आधी पासपोर्ट, मग व्हिसा. ई-व्हिसा पासपोर्टच्या क्रमांकाशी बांधलेला असतो आणि रि-इश्यूत क्रमांक बदलतो. अमेरिकेचा जुन्या पुस्तिकेतला व्हिसा याला अपवाद आहे. त्याची मुदत शिल्लक असेल आणि तो खराब झालेला नसेल, तर रद्द झालेली जुनी पुस्तिका नव्या पासपोर्टसोबत नेऊन तो वापरता येतो. जुनी पुस्तिका चुकूनही टाकून देऊ नये.

ब्रिटिश नागरिकत्व घेतलेल्या मराठी कुटुंबांपुढे वेगळाच पेच आहे. सप्टेंबर २०१८ पर्यंत ब्रिटन जुन्या पासपोर्टचे जास्तीत जास्त नऊ महिने नव्यात मिळवून देत असे, म्हणून काही पासपोर्ट दहा वर्षे नऊ महिन्यांचे निघाले. ब्रेक्झिटनंतर युरोपची दहा वर्षांची अट त्यांनाही लागू झाली. त्यामुळे पुस्तिकेवर मुदत शिल्लक दिसत असूनही, ती दिल्याला दहा वर्षे उलटली असतील तर शेंगेन देशांत तिच्यावर प्रवेश मिळत नाही.