लाँगलाइन मासेमारीतील नकोशी पकड

कुपा आणि तलवार माशासाठी खोल समुद्रात सोडल्या जाणाऱ्या लाँगलाइनचा मुख्य दोर कित्येक किलोमीटर लांब असतो, कधी शंभरापर्यंत. त्याला उपदोऱ्या लोंबतात आणि प्रत्येकीच्या टोकाला आमिषाचा गळ असतो. गळाला काही मासा ओळखता येत नाही, त्यामुळे त्याला समुद्रपक्षी, कासवे आणि मुशी (शार्क) हीदेखील लागतात. ही नकोशी पकड टाळण्यासाठी दोर, गळ, आमिष आणि वेळ बदलावी लागते.

पक्ष्यांना धोका असतो तो दोर सोडताना. आमिष बुडण्याआधी थोडा वेळ बोटीच्या मागे वरच तरंगते. अल्बट्रॉस हा मोठा समुद्रपक्षी झडप घालतो, गळ चोचीत रुततो आणि दोर त्याला खाली ओढून बुडवतो. दक्षिण महासागरात जपानी बोटींच्या गळांना वर्षाला सुमारे ४४,००० अल्बट्रॉस बळी पडतात, असा अंदाज संशोधक नायजेल ब्रदर्स यांनी १९९१ मध्ये मांडला. भटक्या अल्बट्रॉसची मादी दोन वर्षांतून एकच अंडे घालते, हे लक्षात घेतले तर हा आकडा किती भयंकर आहे ते कळते.

उपाय जपानी मच्छीमारांकडूनच आला. बोटीच्या मागच्या बाजूला उंच काठीवरून रंगीत फिती लावलेली दोरी सोडायची. फिती फडफडल्या की पक्षी आमिषाजवळ येत नाहीत. हिचे नाव तोरी लाइन. जपानीत तोरी म्हणजे पक्षी. जोडीला उपदोरीवर वजन लावून गळ लवकर बुडवणे आणि रात्री दोर सोडणे. दक्षिण अटलांटिकमधल्या दक्षिण जॉर्जिया बेटाभोवती हे उपाय सक्तीचे करून मासेमारी हिवाळ्यापुरती ठेवली, तेव्हा पक्ष्यांचे मरण जवळजवळ थांबले.

कासवांची गोष्ट वेगळी. हवाई बेटांवरची तलवार माशाची लाँगलाइन मासेमारी कासवांपायी २००१ मध्ये बंद पडली. ती २००४ मध्ये सुरू झाली ती अटींवर: आकड्यासारख्या गळाऐवजी टोक आत वळलेला मोठा गोल गळ, माकुलाऐवजी बांगड्याच्या जातीचे आमिष आणि प्रत्येक फेरीला बोटीवर निरीक्षक. माकूल चिवट, कासव ते गळासकट गिळते. माशाचे आमिष मात्र कासव लचके तोडत खाते, गळ बाजूला राहतो. लॉगरहेड जातीची किती कासवे गळाला लागलेली चालतील याची वार्षिक मर्यादा २००६ मध्ये मार्चमध्येच गाठली गेली आणि उरलेल्या वर्षासाठी मासेमारी थांबवावी लागली.

मुशींच्या बाबतीत गोल गळाचा भरवसा नाही. तिथे गळाजवळची तार काढून नायलॉन लावतात. मुशी ते दातांनी तोडून निघून जाते, गळ मात्र जबड्यात घेऊनच.