तलावपाळी ते टेंभी नाका: ठाण्यातल्या चर्च आणि सिनेगॉगमागचा काळ

ठाणे स्टेशनला उतरून तलावपाळीवर आलं की मासुंदा तलावाजवळ सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्च लागतं. तिथून चालत दहा-पंधरा मिनिटांवर टेंभी नाका. नवरात्रातल्या देवीमुळे हा नाका सगळ्यांच्या ओळखीचा आहे, पण त्याच परिसरात १८७९ साली बांधलेलं शाआर हाशामाईम हे यहुद्यांचं सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनास्थळ आहे, हे कित्येक ठाणेकरांनाही माहीत नसतं. जुनी चर्च बघायला लोक वसईच्या किल्ल्यात जातात, सिनेगॉग बघायला मुंबईला. ठाण्याची ही वाट एका सकाळी होते. मात्र निघण्यापूर्वी थोडा इतिहास माहीत असावा, कारण इथली सगळ्यात जुनी गोष्ट ज्या काळातली आहे त्या काळाची एकही भिंत आज उभी नाही.

ख्रिस्ती धर्म आपल्याकडे पोर्तुगीजांनी आणला, असं सर्रास बोललं जातं. ते खरं नाही. सहाव्या शतकात कॉस्मस नावाच्या व्यापाऱ्यानं ‘कॅलियाना’ इथे इराणहून नेमलेला बिशप असल्याचं लिहून ठेवलं, आणि हे कॅलियाना म्हणजे आपलं कल्याण, असं बरेच अभ्यासक मानतात. त्यानंतरचा मोठा प्रसंग खुद्द ठाण्यातला, १३२१ सालचा. तोलेंतिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि तिफ्लिसचा दिमित्री हे चार फ्रान्सिस्कन, म्हणजे संत फ्रान्सिसच्या पंथाचे ख्रिस्ती साधू, जहाजानं केरळातल्या कोल्लमकडे निघाले होते. वाऱ्यानं जहाज ठाण्याला आणलं. गावात नेस्टोरियन, म्हणजे पूर्वेकडच्या जुन्या पंथाच्या ख्रिस्त्यांची थोडी घरं होती, त्यातल्या एका घरात ते उतरले. त्या घरात नवरा-बायकोचं भांडण झालं, नवऱ्यानं बायकोला मारलं. ती काझीकडे गेली आणि साक्षीदार म्हणून पाहुण्यांची नावं सांगितली. चौकशीत विषय भांडणावरून धर्मावर गेला, वाद पेटला आणि त्यात चौघांचेही प्राण गेले. त्यांचा सोबती जॉर्डेनस तेव्हा ठाण्याबाहेर होता म्हणून वाचला. त्यानं मृतदेह सोपाऱ्याला नेऊन पुरले. पुढे ओडोरिक नावाच्या प्रवाशानं त्या अस्थी उकरून थेट चीनपर्यंत नेल्या. एका घरातलं भांडण, आणि त्यातून ठाण्याचं नाव युरोपातल्या मठांत पोचलं! तलावपाळीवर उभं राहिलं की मला आधी ते घर आठवतं. ते कुठल्या आळीत होतं, याची खूण उरलेली नाही.

गुजरातच्या बहादूरशहानं १५३४ साली वसई आणि तिच्याखालचा मुलूख पोर्तुगीजांना दिला, त्यात ठाणंही गेलं. चर्च उभी राहिली, मठ आले, धर्मांतरं झाली. ही चर्च सत्तेच्या पाठबळावर उभी राहिली हे लपवण्यात अर्थ नाही. पण सत्ता गेल्यावर काय झालं, ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. १७३७ साली मराठ्यांनी ठाणं घेतलं. पोर्तुगीजांचा किल्ला तेव्हा अजून बांधून पुरा व्हायचा होता. (तोच आजचा मध्यवर्ती तुरुंग, त्यामुळे आत जाऊन बघण्याचा प्रश्न येत नाही.) युरोपातले पाद्री गेले, देशी पाद्री राहिले आणि भक्तही राहिले. आंकेतिल द्यु पेराँ हा फ्रेंच प्रवासी १७६० साली इथून गेला. मराठ्यांच्या अमलातही ठाण्याचे ख्रिस्ती उघडपणे, मोकळेपणानं उपासना करतात, अशी नोंद त्यानं केली. त्याच साली, त्याच मासुंदा तलावाकाठी, सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकरांनी कौपिनेश्वराच्या देवळाचा जीर्णोद्धार केला. हे दोन प्रसंग शेजारी ठेवून बघितले की तलावपाळीचा फेरफटका वेगळा वाटतो.

डिसेंबर १७७४ मध्ये ठाणं इंग्रजांकडे आलं. इंग्रजी अमलात पलटणी, कचेऱ्या आणि रेल्वे आली, आणि या नोकऱ्यांच्या निमित्तानं कोकणातली बेने इस्रायली, म्हणजे इथल्या मराठी यहुद्यांची घरंही शहराकडे सरकली.

या समाजाची परंपरागत आठवण अशी: अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटलं, त्यातून सात पुरुष आणि सात बायका वाचल्या. वंशज गावोगाव पांगले, तेल गाळू लागले. शनिवार हा यहुद्यांचा विश्रांतीचा दिवस, त्या दिवशी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणू लागले. आडनावं पेणकर, दिवेकर, नवगावकर, केहिमकर. भाषा मराठी. शतकानुशतकं त्यांना सिनेगॉग नव्हतंच. जे काही होतं ते घरात, शनिवार पाळण्यात आणि जेवणाच्या नियमांत. मुंबईतलं पहिलं सिनेगॉग सामाजी हसाजी दिवेकरांनी १७९६ साली मांडवीत बांधलं, त्याला समाजात ‘जुनी मशीद’ म्हणत. पनवेलचं बेथ एल १८४९ चं, ठाण्याचं त्यानंतर तीस वर्षांनी.

या दोन नावांकडे जरा थांबून बघावं. बायबलमधल्या कथेत यहुद्यांचा पूर्वज याकोब रानात दगड उशाला घेऊन झोपला, स्वप्नात त्याला आकाशाला टेकलेली शिडी दिसली. जाग आल्यावर तो म्हणाला, हे देवाचं घर आहे, हे स्वर्गाचं दार आहे. बेथ एल म्हणजे देवाचं घर, शाआर हाशामाईम म्हणजे स्वर्गाचं दार. खाडीच्या अलीकडे ठाण्यात दार, पलीकडे पनवेलला घर, मध्ये सगळी नवी मुंबई.

सिनेगॉगमध्ये जायचं तर आधी विचारून जावं आणि ओळखपत्र जवळ ठेवावं. २००८ च्या हल्ल्यात मुंबईतलं नरिमन हाउस हे यहुदी केंद्र लक्ष्य झालं, तेव्हापासून यहुदी प्रार्थनास्थळांभोवती बंदोबस्त असतो. त्याबद्दल कुरकुर करू नये. शनिवार हा शब्बाथ, त्या दिवशी फोटो काढायचे नाहीत. पुरुषांनी डोकं झाकायचं. दाराच्या चौकटीवर मेझुझा, म्हणजे धर्मवचनांची गुंडाळी ठेवलेली छोटी डबी असते. येणारा माणूस तिला बोटं लावतो आणि ती बोटं ओठांना टेकवतो, अगदी आपण उंबऱ्याला हात लावून कपाळाला लावतो तसं. आतला पवित्र कोष, म्हणजे धर्मग्रंथाच्या गुंडाळ्या ठेवायचं कपाट, जेरुसलेमच्या दिशेला, म्हणजे इथून पश्चिमेला.

१९४८ नंतर बहुतेक घरं इस्रायलला गेली. जे राहिले त्यांच्यात ठाण्यातली वस्ती मोठी आहे. महाराष्ट्र सरकारनं २०१६ साली यहुद्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला. जुन्या लोकांकडून सणांची नावं ऐकावीत: रोश हाशाना (नववर्ष) म्हणजे नव्याचा सण, योम किप्पूर (प्रायश्चित्ताचा दिवस) म्हणजे दरफाळणीचा सण, जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा उपास म्हणजे बिरड्याचा रोजा. नवस फेडायचा किंवा घरात लग्न असलं की एलियाहू हनाबी या प्रेषिताच्या नावानं मालिदा होतो. ताटात भिजवलेले पोहे, साखर, खवलेला ओला नारळ, वेलची, कडेनं फळं. हिब्रू प्रार्थना संपली की ताट सगळ्यांपुढे फिरतं आणि पोहे हातावर घेऊन लोक मराठीत गप्पांना लागतात.