धुळीचा ओढा आणि पोटातून पोखरलेला डोंगर: बर्नीज ओबरलँडची पार्श्वभूमी

स्वित्झर्लंडच्या सहलीला गेलेला मराठी माणूस बर्नीज ओबरलँडमध्ये, म्हणजे बर्न प्रांताच्या वरच्या डोंगराळ भागात, इंटरलाकेनला उतरतो, तेव्हा बहुधा त्याचा पहिला फोटो एका रिकाम्या कुरणावर निघतो. गावाच्या ऐन मध्यावर, हॉटेलांच्या रांगेसमोर सुमारे १४ हेक्टरचं हिरवंगार गवत आणि त्याच्या पलीकडे दोन डोंगरांच्या फटीतून दिसणारं पांढरंशुभ्र युंगफ्राउ शिखर. या कुरणाचं नाव होहेमाटे. एवढ्या महागड्या गावात ही जागा मोकळी कशी राहिली, असा प्रश्न फारसा कुणाला पडत नाही. ती आपोआप राहिलेली नाही. १८६४ साली ३७ जणांनी, त्यांतले बरेच हॉटेलवाले, मिळून ही जमीन विकत घेतली आणि इथे कधीच बांधकाम करायचं नाही असं लिहून ठेवलं. समोरचा डोंगर दिसत राहावा म्हणून पैसे मोजणारी माणसं तोवर तयार झाली होती. आधी मात्र तसं नव्हतं.

डोंगर ही पूर्वी पाहायची गोष्ट नव्हती, भ्यायची होती. १६००च्या सुमारास याच भागातल्या ग्रिंडेलवाल्ड गावाच्या हिमनद्या खाली सरकत थेट वस्तीपर्यंत आल्या, कुरणं आणि घरं त्यांनी गिळली. अशा बर्फाकडे कौतुकाने बघायला वेळ कुणाला होता? नजर बदलली ती अठराव्या शतकात, आणि बदलली शहरातल्या माणसांनी. बर्नचा आल्ब्रेख्त फॉन हाल्लर १७२८ साली वनस्पती गोळा करत आल्प्समध्ये हिंडला. तेव्हा तो विशीच्या आत-बाहेर होता. त्या प्रवासावरची त्याची ‘आल्प्स’ ही दीर्घ कविता १७३२ मध्ये छापली गेली. डोंगरातली माणसं साधी, स्वच्छ आणि सुखी असतात, हे चित्र युरोपच्या डोक्यात बसवण्यात तिचा मोठा वाटा आहे. डोंगरातल्या गरिबीला त्या चित्रात फारशी जागा नव्हती, हेही सांगायला हवं. पण लोक आले ते ते चित्र मनात घेऊनच.

यायचे कुठे, तर लाउटरब्रुनेनला. दोन्ही बाजूंना ताशीव कडे, मध्ये सपाट तळाची अरुंद दरी, आणि कड्यांवरून उतरणारे ७२ धबधबे, असं तिथे सांगतात. त्यातला सगळ्यात प्रसिद्ध स्टाउबाख. शब्दाचा अर्थच ‘धुळीचा ओढा’. पाणी जवळजवळ ३०० मीटर सरळ खाली पडतं, पण धार अखंड अशी खाली पोचतच नाही. निम्म्या वाटेवरच तिचे तुषार होतात, वारा त्यांना कधी डावीकडे, कधी उजवीकडे झुलवतो, आणि खाली उभ्या असलेल्या माणसाच्या तोंडावर पाण्याऐवजी ओली धूळ येते. १७७९च्या ऑक्टोबरात गोएथे या दरीत आला, गावच्या पाद्र्याच्या घरी मुक्काम केला आणि माणसाचा आत्मा पाण्यासारखा आहे, आकाशातून येतो, आकाशात परततो, या अर्थाची कविता त्याला इथे सुचली. १८१६ मध्ये बायरन आला. त्याला त्याच धारेत पांढुरक्या घोड्याची वाऱ्यावर उडणारी शेपटी दिसली. एकच पाणी, दोन कवी. त्यानंतर येणारा प्रत्येक प्रवासी थोडासा या दोघांच्या डोळ्यांनीच तो धबधबा पाहत राहिला.

कवींच्या बरोबरीने राजकारणही होतं. १७९८ नंतर काही वर्षं ओबरलँड बर्नपासून वेगळं झालं होतं. ते परत बर्नला जोडल्यावर मनं जुळावीत म्हणून १८०५ मध्ये इंटरलाकेनजवळ, उनस्पुनेनच्या पडक्या किल्ल्याखाली, धनगर-गुराख्यांचा उत्सव भरवला गेला. कुस्ती, आल्पहॉर्न हे लांबलचक लाकडी शिंग, ८३ किलोंहून जड दगड फेकण्याची स्पर्धा. मनं किती जुळली हा वेगळा प्रश्न. पण १८०५ आणि १८०८ च्या या उत्सवांना युरोपभरची बडी मंडळी आली आणि ओबरलँडचं नाव पसरलं.

१८११ मध्ये आराउ शहरातल्या मायर बंधूंनी वालेस प्रांतातल्या दोन शिकाऱ्यांना बरोबर घेऊन युंगफ्राउचं ४,१५८ मीटरचं शिखर गाठलं. १८६३ मध्ये थॉमस कुक या इंग्रज सहलवाल्याने स्वित्झर्लंडची पहिली सहल नेली. आपल्याकडच्या ग्रुप टूरची आजी ती हीच.

पण खरी उलथापालथ केली आगगाडीने. १८९० मध्ये रूळ लाउटरब्रुनेन आणि ग्रिंडेलवाल्डपर्यंत पोचले. १८९३ मध्ये या दोन गावांना जोडणारा दातेरी रूळ क्लाइने शाइडेग या खिंडीवर चढला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आडोल्फ गुयर-झेलर हा कापडगिरणीवाला आणि रेल्वेचा जाणकार मुलीबरोबर समोरच्या डोंगरावर फिरायला गेला होता. तिथून त्याला खिंडीकडे चढणारी ती नवी गाडी दिसली. युंगफ्राउवर रेल्वे न्यायच्या योजना आधीही झाल्या होत्या, पण त्या दरीच्या तळापासून वर जायच्या. याच्या मनात आलं, गाडी आत्ताच निम्म्या उंचीवर आहे, मग तिथूनच पुढे का नको? आयगर आणि म्योंख या दोन डोंगरांच्या पोटातून बोगदा काढायचा आणि वर निघायचं.

काम १८९६ मध्ये सुरू झालं. सात वर्षांचा अंदाज होता, लागली सोळा. गुयर-झेलर १८९९ मध्येच वारला. बोगदा खणणारे बहुतेक मजूर इटालियन होते. हिवाळ्यात वाट बंद व्हायची, म्हणून अन्नधान्य आधीच भरून ठेवायचं आणि उरलेलं सामान ध्रुवीय कुत्र्यांच्या घसरगाड्यांनी आणायचं. सुरुंगाच्या स्फोटांत आणि अपघातांत कितीतरी मजूर मेले. वर जाताना डब्यात माहिती सांगतात तेव्हा या माणसांबद्दल ऐकताना मान खाली जायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

गाडी पहिल्या दिवसापासून विजेची होती, कारण एवढ्या लांब बोगद्यात कोळशाचा धूर माणसाला जगू देणार नाही. ही वीज आली दरीतल्या ल्युचिने नदीच्या पाण्यातून. म्हणजे ज्या पाण्यावर कवी भुलले, तेच पाणी गाडीला वर ओढू लागलं. थेट शिखराखाली जाऊन शेवटी लिफ्टने माथ्यावर निघायचा बेत होता, पण तेवढा पैसा उरला नाही. १ ऑगस्ट १९१२ रोजी, स्विस राष्ट्रीय दिनी, गाडी ३,४५४ मीटरवरच्या युंगफ्राउयोखला पोचली आणि तेच तिचं कायमचं शेवटचं स्टेशन ठरलं. योख म्हणजे बैलाच्या मानेवरचं जू. दोन शिखरांमधली खोलगट खिंड तशीच दिसते, आणि ‘योख’ व ‘जू’ हे शब्दही मुळात एकाच कुळातले.

आपला संबंध इथे पडद्यावरून जुळला. १९६४च्या ‘संगम’मध्ये स्वित्झर्लंड दिसलं. १९९०च्या सुमारास काश्मीरमध्ये चित्रीकरण अवघड झालं तेव्हा यश चोप्रांचे कॅमेरे आल्प्सकडेच जास्त वळू लागले. इंटरलाकेनमध्ये २०१६ पासून त्यांचा पुतळा आहे. योखवर भारतीय जेवण मिळतं. मधुचंद्राच्या जोडप्यांपासून निवृत्त शिक्षकांच्या ग्रुपपर्यंत आपली मंडळी तिथे बर्फात हात घालून हसताना दिसतात. २०१५ मध्ये वर्षभरात वर जाणाऱ्यांची संख्या पहिल्यांदा दहा लाखांवर गेली.

या सगळ्या धावपळीत हातात वेळ असेल तर ट्रुमेलबाख चुकवू नये. हा धबधबा डोंगराच्या आत आहे. आयगर, म्योंख आणि युंगफ्राउच्या हिमनद्यांचं वितळलेलं पाणी कड्याच्या पोटात शिरतं आणि दहा टप्प्यांनी गर्जत उतरतं, भरात असताना सेकंदाला वीस हजार लिटर. बोगद्यातली लिफ्ट १९१३ पासून आहे. वरच्या सज्जावर उभं राहिलं की कठडा थरथरतो, शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. पाणी दुधाळ, राखाडी असतं, कारण त्यात डोंगराचा भुगा मिसळलेला असतो. हिवाळ्यात वरचा बर्फ वितळायचा थांबला की ही गर्जना पार मंदावते. ग्रिंडेलवाल्डला वस्तीपर्यंत आलेली ती हिमनदी आता घळीत मागे, नजरेआड गेली आहे. तिथे आज उघडा खडक दिसतो.