लासलगावात अणुभट्टी नाही

उन्हाळ कांदा साठवणीच्या चाळीत पडला की निफाड-येवला पट्ट्यात कुणीतरी हमखास सांगतं, "लासलगावला भाभाची अणुभट्टी आहे, तिथं टाकला की कोंब येत नाहीत." लगेच दुसरा विचारतो, "पण असला कांदा पोराबाळांना खायला घालायचा कसा?" शिकलेली माणसंही हेच बोलतात, याचं जास्त वाईट वाटतं.

भाभाच्या अणुभट्ट्या मुंबईत, ट्रॉम्बेला. त्या संशोधनासाठी आहेत. वीज तारापूरला बनते, ट्रॉम्बेला नाही. लासलगावचं 'कृषक' हे भाभा अणुसंशोधन केंद्रानंच 2002 मध्ये उभारलेलं विकिरण केंद्र, म्हणजे मालावर किरण सोडायची जागा. 2007 मध्ये अमेरिकेला हापूस गेला तो इथूनच विकिरण होऊन. तिथं युरेनियम नाही, विखंडन (अणुकेंद्र फुटणं) नाही, साखळी प्रक्रिया नाही. जाड काँक्रीटच्या भिंतींआड कोबाल्ट-60 च्या कांड्या आहेत आणि त्यांच्यासमोरून माल पुढं सरकतो.

खरी गल्लत पुढं आहे. किरण अंगावर पडणं वेगळं आणि स्वतः किरणोत्सर्गी होणं वेगळं. पायाचा एक्सरे काढून आलेल्या माणसाजवळ बसायला आपण घाबरत नाही. कांद्याचंही तसंच, आणि कारण अगदी नेमकं सांगता येतं.

अणुभट्टीत न्यूट्रॉनचा मारा असतो. न्यूट्रॉनवर विद्युतभार नाही, त्यामुळे तो थेट अणुकेंद्रात शिरतो आणि पदार्थच बदलून टाकतो. साधा कोबाल्ट-59 भट्टीत ठेवला की एक न्यूट्रॉन गिळून तो कोबाल्ट-60 होतो. देशातला असा कोबाल्ट राजस्थानात रावतभाट्याच्या वीज-अणुभट्ट्यांत तयार होतो. कांदा खरोखरच भट्टीच्या गाभ्यात ठेवला, तर त्यातलं सोडियम, पोटॅशियम किरणोत्सर्गी होईल. म्हणजे लोकांची भीती निराधार नाही; ती चुकीच्या यंत्राला चिकटली आहे.

कोबाल्ट-60 मधून कांद्यापर्यंत पोचतात ते गॅमा किरण. त्यांची ऊर्जा 1.17 आणि 1.33 मेगाइलेक्ट्रॉन व्होल्ट. कांद्यातल्या कार्बन, ऑक्सिजन, नायट्रोजनच्या अणुकेंद्रातून काही उखडायचं तर याच्या कैकपट ऊर्जा लागते. त्यामुळे गॅमा किरण अणुकेंद्राला धक्का न लावता निघून जातात. फरक पडतो तो पेशींना: कोंबाच्या टोकाशी वाढणाऱ्या पेशींचा डीएनए तुटतो, त्या पुन्हा विभागत नाहीत आणि कोंब थांबतो. कोबाल्ट सीलबंद कांडीत असतो, कांद्याला तो शिवतही नाही. किरण लागून गेले की कांद्यात मागं काही उरत नाही.

स्फोटाची भीती तर सोडूनच द्या. कोबाल्टचं विखंडन होऊन साखळी चालत नाही. मात्र भट्टी बंद करता येते, कोबाल्ट बंद करता येत नाही. तो रात्रंदिवस क्षय पावतो, साधारण सव्वापाच वर्षांत निम्मा होतो, म्हणून अधूनमधून नव्या कांड्या भराव्या लागतात. काँक्रीटच्या भिंती हव्यात त्या यासाठी, आणि काळजी घ्यायचीच तर तिथं काम करणाऱ्यांची घ्यावी, कांदा खाणाऱ्यांची नव्हे.

आणि ज्यांना विकिरण म्हणजे जादू वाटते त्यांच्यासाठी: कांद्याला द्यायची किरणांची मात्रा 60 ते 90 ग्रे (ग्रे हे शोषलेल्या किरणांचं माप) इतकी कमी असते की तिनं सडवणारे जिवाणू, बुरशी मरत नाहीत. कोंब थांबतो, सड थांबत नाही. ओला, मान नीट न सुकलेला कांदा विकिरण करून आणला तरी चाळीत नासणारच. शिवाय काढणीनंतर कांदा सुप्त असतानाच नेला पाहिजे. आतला कोंब हलू लागल्यावर नेलात तर तो मरून काळा पडतो आणि कांदा कापला की मधोमध डाग दिसतो. भाव पडल्यावर दिवाळीच्या तोंडावर गाडी भरून लासलगाव गाठणाऱ्यांनी भाड्याचे पैसे वाचवावेत.