कोरियातला ‘फ्लेक्स’ म्हणजे मिरवणे नव्हे

कोरियन मालिका आणि रॅप यांविषयी मराठीत लिहिणारे अनेकजण तिथल्या तरुणांच्या तोंडी असलेल्या ‘फ्लेक्स’ या शब्दाचा अर्थ बेधडक ‘शायनिंग मारणे’ असा देतात, आणि तो अर्थ मूळ वाक्यात बसेनासा झाला की वाक्यालाच मुरड घालतात. आपल्याकडे चौकाचौकांत वाढदिवसाच्या शुभेच्छांचे फ्लेक्स झळकत असल्यामुळे या शब्दाला दिखाव्याचा वास आधीच चिकटलेला आहे. त्यामुळे गैरसमज आणखी पक्का होतो.

इंग्रजी ‘फ्लेक्स’ बहुतेकांच्या परिचयाचा आहे. दंडाची बेटकुळी काढून दाखवण्यावरून आलेला आणि अमेरिकन हिप-हॉपमधून पसरलेला हा शब्द मिरवण्याचाच आहे. परीक्षेतले गुण, मोठ्यांच्या ओळखी, मॅरेथॉनमधली वेळ असे काहीही त्यात मिरवता येते, आणि त्यासाठी पैसा खर्च करावा लागत नाही.

कोरियन ‘फ्लेक्स’ आला तिथूनच, त्यामुळे ऐटीचा अंश त्यातही आहे. पण रोजच्या बोलण्यात त्याचे वजन दाखवण्यावरून खर्चण्यावर सरकले. 2019 मध्ये योम्ता या रॅपरच्या तोंडचे ‘फ्लेक्स हे बॉर्यॉच्ची म्वोया’ हे वाक्य देशभर पसरले, आणि सगळी मेख या वाक्याच्या क्रियापदातच आहे. ‘हे’ म्हणजे ‘करून’. ‘बॉर्यॉच्ची’मधल्या ‘बॉरिदा’ या धातूचा मूळ अर्थ फेकून देणे, टाकून देणे असा आहे. दुसऱ्या क्रियापदामागे तो लागला की कृती पुरती उरकली, आता ती मागे घेता येणार नाही, असा भाव येतो आणि त्यात कधी सुटकेचा, कधी हळहळीचा सूर मिसळतो. आपले ‘टाकणे’ नेमके हेच काम करते: ‘सांगून टाकले’, ‘विकून टाकले’. शेवटच्या ‘म्वोया’मध्ये स्वतःच्याच कृतीचे नवल आहे. म्हणून या वाक्याचे मराठी ‘मी शायनिंग मारली’ असे होऊच शकत नाही. ते ‘उडवून टाकले की पैसे!’ असे व्हायला हवे. इंग्रजीला या सहायक क्रियापदासाठी शब्द शोधत बसावे लागते, मराठीला ते घरातच मिळते, आणि तरीही आपण इंग्रजीच्या वाटेने जाऊन अर्थ हरवतो, याचे मला मनापासून वाईट वाटते.

एखाद्या मुलीने पहिल्या पगारातून ‘म्योंगफुम’, म्हणजे नामांकित ब्रँडची महागडी बॅग घेतली, तर तो फ्लेक्स झाला. महिनाअखेरीस कोणी एकट्याने घरी बसून दोन माणसांचे तळलेले चिकन मागवले, तर तोही फ्लेक्स. मित्रांचे सगळे बिल एकट्याने भरले, तरीही तोच शब्द. मोठी देणगी दिल्यावर वृत्तपत्रांच्या मथळ्यांतसुद्धा तो येतो. कोणी पाहिले नाही म्हणून यांतला एकही फ्लेक्स अपुरा राहत नाही. उलट, केवळ चांगले गुण मिळाल्याचे चारचौघांत सांगणाऱ्याला कोरियन माणूस ‘जारांग’ करतो असे म्हणेल, कारण फुशारकीसाठी तो जुना, साधा शब्द भाषेत आहेच. खरेदीचा फोटो टाकण्यासाठीही वेगळा शब्द आहे: ‘इन्जुंग’, म्हणजे प्रमाण किंवा पुरावा देणे.

‘थांगजिनजेम’शी होणारी गल्लत किरकोळ आहे: स्वस्त, चिल्लर वस्तूंवर पैसे उधळण्याची ती मजा आहे. ‘द्वेनजांगन्यो’ हा 2006च्या सुमारास गाजलेला शब्द मात्र फ्लेक्सचा पर्याय म्हणून कोणीही वापरू नये. ‘फ्लेक्स’ हा शब्द माणूस स्वतःविषयी आनंदाने वापरतो; हा शब्द महागडी कॉफी पिणाऱ्या, ब्रँडच्या वस्तू वापरणाऱ्या बायकांना हिणवण्यासाठी इतरांनी काढला, आणि तो स्त्रीद्वेष्टा आहे.

2023 मध्ये कोरियात ‘गॉजीबांग’ गाजले. ‘गॉजी’ म्हणजे भिकारी, ‘बांग’ म्हणजे खोली. काटकसर करू पाहणाऱ्या अनोळखी लोकांचे हे काकाओटॉक या कोरियन मेसेजिंग अ‍ॅपवरचे गट. तिथे प्रत्येकजण आपला छोटामोठा खर्च सर्वांसमोर मांडतो आणि बाकीचे त्याला फैलावर घेतात. खर्च उघड केल्याबद्दल तिथे कोणी बोल लावत नाही, कारण गट चालतो तोच त्यावर. बोलणी बसतात ती पैसे उडवून टाकल्याबद्दल, म्हणजेच फ्लेक्सबद्दल.