सालोमालोचं सोवळं

जुन्या मराठी चित्रपटातला भटजी म्हटलं की पहिला आठवतो तो ‘संत तुकाराम’मधला (१९३६) सालोमालो. वर सोवळं आणि आत मत्सर; तुकोबांचे अभंग बिनदिक्कत स्वतःच्या नावावर खपवतो. खरं तर परंपरेत तुकोबांना छळणारा म्हणून नाव आहे ते देहूच्या मंबाजी गोसाव्याचं. सालोमालो तुकोबांच्या अभंगात येतो तो दुसऱ्याच्या कवितेवर हात मारणारा म्हणून. चित्रपटानं दोन्ही पापं एकाच्याच पदरात घातली.

हा चित्रपट पुण्यात झाला, पण तो काढणारी ‘प्रभात’ फिल्म कंपनी जन्मली कोल्हापुरात, १ जून १९२९ ला. पुण्याला गेली ती १९३३ साली. दिग्दर्शक दामले-फत्तेलाल हे कोल्हापूरचे चित्रपटकार बाबूराव पेंटर यांच्या हाताखाली तयार झालेले. म्हणजे ही माणसं ज्या गावात घडली, तिथं पौरोहित्याचा वाद घराघरांत पोचलेला होता. १८९९ च्या कार्तिकात पंचगंगेवर शाहू महाराजांच्या स्नानाच्या वेळी भटजी वेदोक्त (वेदांतले) मंत्र सोडून पुराणोक्त (पुराणांतले) मंत्र म्हणत होते. सोबत असलेले संस्कृत पंडित राजारामशास्त्री भागवत यांच्या ते ध्यानात आलं. भटजींचं म्हणणं असं की शूद्राला वेदोक्त नाही, आणि पुराणोक्ताला मी आंघोळ करून यायची गरजही नाही! टिळकांच्या ‘केसरी’नं महाराजांच्या विरोधी बाजू घेतली. गंमत बघा, पुढं ‘सैरंध्री’ (१९२०) पाहून पेंटरांना ‘सिनेमा केसरी’ म्हणणारे टिळकच. त्याच १९२० मध्ये महाराजांनी क्षात्रजगद्गुरूंचं, म्हणजे मराठा धर्मगुरूंचं, स्वतंत्र पीठच उभं केलं.

पडदा मात्र पीठापर्यंत गेला नाही. ‘धर्मात्मा’त (१९३५) बालगंधर्वांचे एकनाथ पैठणच्या कर्मठांना सामोरे जातात, ‘संत तुकारामा’त गाथा बुडवायला लावणारे रामेश्वरशास्त्री शेवटी शरण येतात. दोष माणसाचा, पश्चात्तापही माणसाचाच. पांडुरंगाला धक्का नाही आणि धर्मगुरूंच्या गादीलाही नाही. प्रेक्षक वारकरी होता, त्याला दुखवून तिकीट खपणार नव्हतं, हेही खरंच.

अपवाद ‘अमृतमंथन’चा (१९३४). हिंदी आवृत्तीत पडद्यावर अख्खा डोळा येतो, चंद्रमोहनच्या राजगुरूचा (मराठीत ही भूमिका केशवराव दात्यांची). राजा देवीपुढं बळी देणं बंद करतो म्हणून हा राजालाच मारायचा कट करतो. इथं धाक वाटतो तो त्या पदाचा. पण दिग्दर्शक शांतारामबापूंनी (व्ही. शांताराम) ही गोष्ट रचली ती कल्पित राज्यात. तिथं ना पैठण, ना देहू, ना पंचगंगेचा घाट.